ईसीजी नॉर्मल आला, तरी आम्ही उठलो नाही

जानेवारीत मला हार्ट अटॅक आला. वय ५२, बीपीची एक गोळी चालू, शुगर काठावर, वजन थोडं जास्त. आता जुलै चालू आहे, मी परत पतसंस्थेत जाते, घरचं सगळं करते. भिशीतल्या बायका, ऑफिसातल्या मुली, माहेरचे, जो तो आधी विचारतो "तुला कळलं कसं?" आणि मग हळूच "खर्च किती आला गं?" दोन्हीचं उत्तर फोनवर धड देता येत नाही म्हणून एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही, हिशेबाची बाई आहे, त्यामुळे यात औषधांपेक्षा कागदं जास्त आली तर सांभाळून घ्या.

सुरुवात डिसेंबरच्या शेवटी झाली असं आता म्हणता येतं. म्हणजे तेव्हा काही झालं नव्हतं, नुसता थकवा. पण हा थकवा वेगळा होता, झोपून उठलं तरी जात नव्हता, दुसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस, मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. रात्री तीनला जाग यायची आणि उगाच जीव घाबरा व्हायचा. पाळी जाऊन चार वर्षं झालीत, त्यामुळे ज्याला त्याला तेच कारण दिसायचं. त्यात संक्रांत आली, हळदीकुंकू सुरू झालं, इथे नागपुरात मानेवाड्यात आमच्या लाईनीत रोज दोन-तीन घरी जायचं, वाणाच्या पिशव्या उचलायच्या, कोण नाही थकत. डावा जबडा अधूनमधून ठणकायचा म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले, त्यांनी एक्स-रे काढला, म्हणाले दात एकदम चांगले आहेत, दुसरीकडे दाखवा. दुसरीकडे म्हणजे कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी सव्वासहाच्या सुमारास चहा ठेवला आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, कोणी गुडघा रोवून उभं राहिल्यासारखं झालं. छातीत दुखत होतं का? तर होतं, पण दुखणं म्हणण्यापेक्षा दाब, आवळल्यासारखं, आणि पाठ आणि जबडा त्याहून जास्त. मळमळ. आणि घाम. नागपूरची जानेवारीतली सकाळ, अंगात स्वेटर, आणि गाऊन पाठीला चिकटलेला. हे मुद्दाम लिहिते कारण हल्ली सगळीकडे फिरतं की बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही. असं नाही, हे मला नंतर कार्डिओलॉजिस्टनी नीट सांगितलं. बायकांमध्येही छातीचाच त्रास सगळ्यात कॉमन आहे, फक्त त्याच्यासोबत जबडा, मान, पाठ, मळमळ, दम लागणं, खूप थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतं, आणि बाई डॉक्टरकडे जाऊन आधी तेच सांगते. मग ऐकणारा त्याच दिशेनं विचार करतो.

मिस्टर फिरायला गेले होते. खाली मोठ्या जाऊबाई राहतात, त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. मी जिन्यावरून हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चाल, चप्पल घाल. चहा गेला खड्ड्यात." पुतण्याला उठवलं, गाडी काढली. इथे एक सांगते, १०८ नंबरची अँब्युलन्स फुकट असते आणि तिच्यात ऑक्सिजन, डॉक्टर असतात, गाडी चालवणारं कोणी घरी नसेल तर तीच बोलवा, स्वतः स्कूटी काढून जाऊ नका आणि ऑटोत एकट्या बसू नका.

जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये गेलो, नाव लिहीत नाही. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर होते. ईसीजी काढायला पुरुष टेक्निशियन आला, मी गाऊनवर शाल गुंडाळून बसलेली, तो बिचारा पण संकोचला आणि कपड्याच्या कडेकडेनं चकत्या चिकटवायला लागला. माईंनी त्याला थांबवून सिस्टरला बोलावलं, पडदा ओढला, समोरून सगळं मोकळं केलं, आणि मग नीट जागेवर लावल्या. मैत्रिणींनो, त्या चकत्यांची जागा ठरलेली असते, छातीखाली लावायच्या त्या वर सरकल्या तर पट्टीवरचं चित्र बदलू शकतं. लाजायचं असेल तर सिस्टर मागा, पण वरवर काढू देऊ नका. समोरून बटणं असलेला गाऊन असला तर बरं पडतं.

ईसीजी नॉर्मल आला. अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची छोटी पट्टी असते, थोड्याशा रक्तावर होते, तीही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले गॅसेस आहेत, हळदीकुंकवात उलटसुलट खाणं झालं असेल, ॲसिडिटीचं इंजेक्शन देतो, घरी जाऊन आराम करा. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं, मी पाय खाली सोडले पण. माई उठल्या नाहीत. माई मूळच्या काटोलकडच्या, त्यांची बोली तशीच आहे. म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, तुमची मशीन नॉर्मल म्हणते, पण तिचा घाम थांबून नाही राहिला. आम्ही इथंच बसतो. अर्ध्या तासानं अजून एक काढून द्या, पैसे लागले तर देतो." भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, नुसत्या बसून राहिल्या. डॉक्टरही बरे होते, त्यांनी हो म्हटलं.

दुसरा ईसीजी वेगळा आला. त्यांनी फोटो काढून कोणाला तरी पाठवला, आणि मग एकदम सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. ॲस्पिरिन चावून खायला दिली, सोबत रक्त पातळ करायच्या आणखी गोळ्या, कोलेस्टेरॉलची मोठ्या डोसची गोळी, आणि म्हणाले कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या नळ्या तपासून उघडायची खोली, असलेल्या ठिकाणी लगेच हलवा. त्या पट्टीवर त्यांनी वेळ लिहून दिली, दोन्ही ईसीजी, दिलेल्या गोळ्यांची नावं आणि वेळ, सगळं एका कागदावर. तो कागद पुढे फार कामात आला, मागून घ्याच.

ट्रोपोनिनचं गणित मला नंतर कळलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण उतरायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर तासाभरात तपासलं तर निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून काही तासांनी परत करतात. ईसीजीचंही तसंच, पहिला त्या क्षणाचा फोटो असतो. म्हणजे "नॉर्मल आहे" हे उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. त्यामुळे कोणी परत पाठवत असेल तर "दुसरा कधी काढायचा?" एवढं साधं विचारायचं. सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

धंतोलीत पोचलो तेव्हा सव्वानऊ होत आले होते. धंतोली म्हणजे दर दोन घरांनंतर हॉस्पिटल आणि गाडी लावायला जागा नाही, पुतण्यानं आम्हाला दारात सोडलं आणि तो पार्किंग शोधत कुठल्या कुठे गेला, आधार कार्ड त्याच्याच खिशात. कॅज्युअल्टीत मात्र कागदासाठी कोणी थांबवलं नाही, आधी बेडवर घेतलं. तिथल्या लॅबचा ट्रोपोनिन वाढलेला आला. निदान झालं नॉन-स्टेमी. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी पूर्ण बंद झालेली नाही, पण अटॅक आहे. पूर्ण बंद असते तो स्टेमी, त्यात तर मिनिटं मोजतात, हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नळी उघडावी असा दंडक आहे. माझ्यासारख्यांना सहसा २४ तासांत अँजिओग्राफी, म्हणजे नळीत औषध (डाय) सोडून एक्स-रेवर ब्लॉक पाहायची तपासणी, करतात. माझं दुखणं औषधांवरही पूर्ण थांबत नव्हतं म्हणून त्याच संध्याकाळी ठरली.

कार्डिओलॉजिस्टनी हिस्ट्री घेताना एक प्रश्न विचारला, जो मला तेवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?" वाढलं होतं. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यापासून पाय सुजलेले, लघवीत प्रोटीन, शेवटी लवकर सिझेरियन. बाळ घरी आलं, बीपी उतरलं, विषय संपला असं सगळ्यांनीच धरलं. तर तसं नसतं. गरोदरपणात बीपीचा किंवा शुगरचा त्रास झालेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. पाळी लवकर गेली तर तोही धोकाच. आणि डायबिटीसनं बाईचा धोका पुरुषापेक्षा जास्त पटीनं वाढतो. एरवी बायकांना अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी आठ-दहा वर्षं उशिरा येतो, पाळी चालू असेपर्यंत थोडं संरक्षण असतं, त्यामुळे घरात सगळे नवऱ्याचं कोलेस्टेरॉल तपासतात, बायकोचं कोणी नाही. आमच्याकडे मिस्टरांची दरवर्षी फुल बॉडी होते, माझं लिपिड प्रोफाईल त्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा झालं. तंबाखू मी खात नाही, पण आपल्याकडे खर्रा फक्त पुरुषच खातात असं ज्यांना वाटतं त्यांनी कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहावं, आणि दात घासायच्या नावाखाली घरातल्या म्हाताऱ्या काय लावतात तेही पाहावं.

आता काउंटरवरचं. हे मी पाहिलं नाही, मिस्टर आणि पुतण्यानं केलं, नंतर फाईल वाचून मला समजलं. ३०,००० डिपॉझिट भरलं. आमची ३ लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, तिचं कार्ड, आधार, पॅन इन्शुरन्स डेस्कवर दिलं, कॅशलेसची रिक्वेस्ट गेली. इन्शुरन्सवाल्यांकडून उलट प्रश्न आला, बीपी कधीपासून आहे, पहिलं प्रिस्क्रिप्शन पाठवा. बीपीचा पहिला कागद माझ्या कपाटातल्या लाल फाईलीत होता, आणि पॉलिसी घेताना बीपी लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. ज्यांनी फॉर्म भरताना एजंटच्या सांगण्यावरून "काही आजार नाही" लिहिलंय त्यांनी रिन्युअलच्या आधी दुरुस्त करा. विमा नियामकाचा २०२४ चा नियम असा आहे की कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत यायला हवी. पहिली वेळेत आली. दुसरीचं पुढे सांगते.

रूमचं लक्षात ठेवा. आमच्या पॉलिसीत साधी रूम रोज १ टक्का म्हणजे ३,००० पर्यंत आणि आयसीयू २ टक्के म्हणजे ६,०००. सिंगल रूम होती ४,५०० ची. मिस्टर म्हणत होते फरक आपण भरू, दीड हजार तर आहे. तसं होत नाही! लिमिटपेक्षा महाग रूम घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशनचे चार्जेस वगैरेवर पण त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधं, तपासण्या आणि स्टेंटला (नळी उघडी ठेवणारी जाळी) ती कात्री लागत नाही, पण बाकीचं कमी नसतं. पुतण्यानं पॉलिसी वाचली होती, त्यानं २,८०० ची ट्विन शेअरिंग घेतली. पोरगं हुशार आहे.

अँजिओग्राफीची मला वाटली होती तेवढी भीती नव्हती. उजव्या मनगटातून करतात. बांगड्या निघेनात, संक्रांतीला भरलेला काचेचा चुडा, सिस्टरनं साबण लावून एकेक काढली, माईंनी रुमालात बांधून कमरेला खोचल्या. मंगळसूत्र, चमकी, सगळं काढावं लागतं, ते कोणाच्या ताब्यात द्यायचं ते आधीच ठरवा. मनगटाला बधिर करायचं इंजेक्शन टोचतं तेवढंच. तुम्ही पूर्ण जाग्या असता. डाय सोडला की अंगभर गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं, होत नाही, मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. समोरच्या नळीत, तिला एलएडी म्हणतात, ९० टक्के ब्लॉक. दुसऱ्या एका ठिकाणी ४० टक्के, तो औषधांवर ठेवला. मिस्टरांना आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं, सही घेतली, आणि त्याच बैठकीत स्टेंट टाकला. फुगा फुगवताना छातीत तेच सकाळचं दुखणं परत आलं, काही सेकंद, मग गेलं, आणि पाठीतला दाब पण गेला. मी तिथेच टेबलावर रडायला लागले, टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काकू, हलू नका, आता रडा पण हात नका हलवू."

स्टेंटच्या किमतीवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटचा दर २९,६०० होता, दरवर्षी बदलत बदलत माझ्या वेळी तो ३८ हजारांच्या आसपास होता, वर जीएसटी. बिलात स्टेंट वेगळा दाखवावा लागतो, कंपनी आणि बॅच नंबरसकट. त्याच्या डब्यावरचे स्टिकर फाईलीत चिकटवलेत का ते पाहून घ्या.

शेजारच्या बेडवर उमरेडकडच्या एक मावशी होत्या, त्यांचं सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. रेशन कार्ड आणि आधार, बस. हॉस्पिटलमध्ये योजनेचा आरोग्यमित्र बसतो, तो ऑनलाईन मंजुरी घेतो. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, आणि पूर्वीसारखं फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरतं राहिलेलं नाही. मात्र हॉस्पिटल योजनेत असायला लागतं, १५५३८८ वर फोन करून विचारता येतं. भरतीच्या वेळीच सांगायचं, पैसे भरून झाल्यावर नाही. शिवाय आपल्या नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, खासगीतच जावं लागतं असं काही नाही.

बुधवारी, २२ तारखेला डिस्चार्ज. सकाळी दहाला डॉक्टरांनी सही केली आणि आम्ही संध्याकाळी साडेसातला बाहेर पडलो. तीन तासांचा नियम कागदावर! मंजुरी येईना, डेस्कवाला म्हणे मेल गेलाय, इन्शुरन्सवाले म्हणे मेल नाही. शेवटी पुतण्यानं टोल फ्रीवर फोन करून क्लेम नंबर सांगितला आणि फाईल हलली. डिस्चार्जच्या दिवशी दुपारचं जेवण घरून मागवून ठेवा. बिल झालं १,९६,४००. मंजूर झाले १,८१,८००. ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन किट, फाईल चार्ज असलं मिळून १४,६०० आमच्या डोक्यावर, ते डिपॉझिटमधून वळते करून बाकीचे १५,४०० नंतर खात्यात आले.

घरी आल्यावरचे दिवस मला हॉस्पिटलपेक्षा कठीण गेले. मनगट काळंनिळं, ते जातं. पण रात्री दिवा बंद करायची भीती वाटायची, छातीत गॅस फिरला तरी हात मिस्टरांकडे जायचा. टिकाग्रेलॉर नावाची गोळी चालू होती, तिनं मधेच दम लागल्यासारखं व्हायचं, मला वाटलं परत आलं. फोन केला तर डॉक्टर म्हणाले हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे, येऊन दाखवा पण मनानं बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, मधे बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी कार्डिओलॉजिस्टला विचारायचं. आणि कोणीतरी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी पर्समध्ये ठेवून वाटेल तेव्हा जिभेखाली ठेवू नका, तिनं बीपी एकदम पडतं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितली असेल तरच. ॲटोरवास्टॅटिन, ॲस्पिरिन, मेटोप्रोलॉल मी डॉक्टरांना विचारून जनऔषधीतून घेते, फरक पडतो.

चालणं पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग गल्लीत, मग मैदानावर. एप्रिलपासून पहाटे साडेपाचला, कारण सातला ऊन सुरू होतं आपल्याकडे. तर्री बंद नाही, पोह्यावर चमचाभर, पण लोणचं-पापड खरंच सुटलं, मिठाचं सगळ्यात जड गेलं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५० टक्के आलं, म्हणजे वाईट नाही. फिटनेस सर्टिफिकेट घेऊन मार्चच्या सुरुवातीला रुजू झाले, क्लोजिंगच्या कामाला मॅनेजर साहेबांनी दुसरी मुलगी दिली. रजेच्या अर्जाला डिस्चार्ज समरीची झेरॉक्स जोडा, ओरिजिनल कोणाला देऊ नका, क्लेमला तीच लागते.

क्लेम म्हणजे भरतीच्या आधीचा आणि नंतरचा खर्च. माझ्या पॉलिसीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात. त्या पहिल्या हॉस्पिटलचे दोन ईसीजी आणि ट्रोपोनिनची पावती, नंतरची औषधं, इको, फॉलोअपची फी, प्रत्येक बिलासोबत प्रिस्क्रिप्शन जोडून पाठवलं. दाताच्या एक्स-रेचे पैसे नाकारले, संबंध नाही म्हणे. त्यावर मी चार ओळी लिहून डॉक्टरांचं पत्र लावलं, ते अजून पेंडिंग आहे, रक्कम ४०० रुपये आहे पण मी सोडणार नाही.

या महिन्यात माईंना जबरदस्तीनं नेऊन ईसीजी आणि लिपिड केलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. आषाढीच्या उपासाला सकाळी सकाळी विचारत होत्या, "उपाशीपोटी नको ना ही, आज राहू देऊ का?" डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, उपास करा नाहीतर नका करू, गोळी रात्रीची आहे, रात्री घ्यायचीच, आणि साबुदाणा एक वाटी.